बोल्ट ज्या दिशेला बघतो

(राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहाच्या निमित्तानं आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं हे संपादित रूप.)



दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो आणि त्याला लागून सुरक्षा सप्ताह. या सप्ताहात एखाद्या इंजिनिअरला बोलवायचं सोडून केंद्रावरच्या मंडळींनी मला बोलावलं, तेव्हा मला वाटलं की चार घोषवाक्यं लिहून मागत असतील. कारखान्यांच्या भिंतींवर यमक जुळवलेल्या घोषणा असतात ना, तशी. मी मराठीचा बी. ए., कविता करणारा माणूस. पण त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की या कवीनं आखातात सहा वर्षं हत्यारांचं स्टोअर सांभाळलंय. ते खरं आहे. आणि त्या सहा वर्षांतली एक गोष्ट मी आजवर कुठंच लिहिलेली नाही. कवितेत ती मावली नाही. आज ती सांगतो. पण त्यासाठी आधी तुम्हाला नट-बोल्ट कसा आवळतात ते सांगावं लागेल.

हसू नका. पाना घेतला, फिरवला, आवळला, एवढंच मलाही वाटायचं. १९९५ साली मामूंच्या ओळखीनं व्हिसा मिळाला आणि मी चिपळूणहून निघून एका ठेकेदार कंपनीच्या स्टोअरमध्ये जाऊन बसलो. रिफायनऱ्यांच्या शटडाउनची कामं ही कंपनी घ्यायची. शटडाउन म्हणजे चालू कारखाना ठरावीक दिवस बंद ठेवून सगळं उघडायचं, साफ करायचं, बदलायचं आणि पुन्हा बंद करायचं. बंद करायचं म्हणजे पाइपांची आणि मोठमोठ्या भांड्यांची तोंडं एकमेकांना जोडायची. या तोंडांना लोखंडी कडी असते, तिला फ्लँज म्हणतात. दोन फ्लँजच्या मध्ये गॅस्केट ठेवायचं आणि भोवतीनं स्टड आवळायचे. एकेका सांध्याला वीस, चाळीस, कधी त्याहून जास्त. आत गरम तेल किंवा वायू, तोही दाबाखाली. सांधा गळला तर काय होईल ते सांगायला नको.

आमच्या टोळीचे मुख्य फिटर दापोलीकडचे होते. वय पन्नाशीचं, शिक्षण चौथीपर्यंत. सगळे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणत, मीही म्हणायचो. ते मला नावानं कधीच हाक मारत नसत, ‘शायर’ म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, ‘शायर, बोल्ट आवळतो म्हणजे नेमकं काय करतो?’ मी म्हटलं, ‘घट्ट करतो.’ ते म्हणाले, ‘घट्ट काय होतं? बोल्ट ताणला जातो. बोल्ट म्हणजे स्प्रिंग. जाडजूड, पण स्प्रिंगच.’

मला पटेना. मग त्यांनी बैलगाडीच्या चाकाचं उदाहरण दिलं. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती आगीत लाल करतो, चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. धाव आकसते, पण चाक मध्ये असल्यामुळे तिला पुरतं आकसता येत नाही. ती ताणलेलीच राहते आणि त्या ताणानं सगळे आरे जखडले जातात. बोल्टचंही तसंच. त्याला आपण ओढून लांब करतो, नट बसवून अडकवतो. त्याला परत आखूड व्हायचं असतं आणि नट त्याला होऊ देत नाही. या ओढाताणीत दोन फ्लँज एकमेकींवर दाबल्या जातात. दीड इंच जाडीचा आणि फूटभर लांबीचा स्टड नीट आवळला, तर तो साधारण अर्धा मिलिमीटर लांब होतो. म्हणजे नखाच्या जाडीएवढा. आणि तेवढ्यासाठी त्याला तीसेक टनांनी ओढावं लागतं, दोन भरलेल्या एसटी गाड्यांच्या वजनानं!

आता हे पान्यानं होत नाही का? होतं, पण त्यात एक फसगत आहे. आपण पान्यावर शंभर भाग जोर लावला, तर ढोबळमानानं पन्नास भाग नटाच्या बुडाशी घासण्यात जातात आणि चाळीस भाग आट्यांमध्ये घासण्यात. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा. बरं, हे घर्षण प्रत्येक बोल्टचं वेगळं असतं. एकाच्या आट्यांना ग्रीस असतं, दुसऱ्याचे गंजलेले, तिसऱ्याच्या नटाखालचा वायसर खडबडीत. पाना सगळ्यांवर सारखाच जोर दाखवतो आणि आत मात्र एक बोल्ट ताठ असतो, शेजारचा ढिला. पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळले म्हणजे सांधा पक्का झाला असं मानणारे पुष्कळ भेटले. चाचा त्यांना ‘पहिलवान’ म्हणत, आणि ते कौतुकानं नसे.

मोठ्या स्टडसाठी म्हणून वेगळं हत्यार असतं, हायड्रॉलिक टेन्शनर. माझ्या स्टोअरमधला सगळ्यात महाग ऐवज. दिसायला तांब्याएवढा जाड लोखंडी ठोकळा, मध्ये आरपार भोक. आधी नट हातानं बसवायचा. त्याच्यावर खिडकी असलेली एक बैठक ठेवायची, म्हणजे आतला नट हाताशी राहतो. मग नटाच्या वर आलेल्या स्टडच्या टोकावर आट्यांचा ओढणारा भाग फिरवून बसवायचा. पंपानं तेलाचा दाब दिला की हा भाग स्टडला सरळ वर ओढतो. पीळ नाही, घासणं नाही. स्टड लांबला की खालचा नट आपोआप सैल पडतो. तो बोटाएवढ्या सळईनं फिरवून पुन्हा फ्लँजला टेकवायचा. मग दाब सोडायचा. ओढ टेन्शनरवरून नटावर येते. नट बसताना आटे किंचित दबतात आणि थोडी ओढ वाया जाते, म्हणून सुरुवातीला हवी त्यापेक्षा जास्त ओढावं लागतं. आखूड बोल्टमध्ये ही घट अधिक. किती ओढायचं याचा हिशोब इंजिनिअर कागदावर करून देत, आकडा मनानं ठरवायचा नसतो.

आणखी एक गंमत म्हणजे एक स्टड आवळला की शेजारचा सैल होतो, कारण गॅस्केट दबतं. म्हणून निम्म्या स्टडवर एकाच वेळी टेन्शनर बसवून, सगळ्यांना नळ्यांनी जोडून, एकाच पंपानं ओढत. पहिल्या निम्म्यांना जरा जास्त दाब, कारण दुसरे निम्मे आवळताना त्यांची ओढ कमी होणार. मग फिरून तपासणी. जिथं एकेकच हत्यार असे, तिथं समोरासमोरच्या जोड्यांनी. माझे एक काका भजनी मंडळात तबला वाजवत. सोळा घरांपैकी एका घरावर हातोडी मारली की लगेच ते समोरच्या घराकडे वळत. चाचांना हे सांगितलं, तर ते एवढे खूश झाले की नव्या हेल्परला शिकवताना ‘तबला लाव, तबला’ असंच म्हणायला लागले.

आता धोक्याकडे येतो. या यंत्रांमध्ये तेलाचा दाब हजार बार, काहींत पंधराशे बारपर्यंत जातो. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते. जगातला सगळ्यात खोल समुद्र म्हणजे पॅसिफिकमधली मारियाना गर्ता. तिच्या तळाशी, अकरा किलोमीटर पाण्याखाली, साधारण अकराशे बार दाब असतो. तेवढा दाब आपल्या हातातल्या ठोकळ्यात आणि बोटाएवढ्या जाडीच्या नळीत असतो आणि आपण शेजारी उभं राहून चहाची वेळ झाली का ते बघत असतो.

चाचांचा पहिला नियम होता, ‘बोल्ट ज्या दिशेला बघतो, त्या दिशेला आपण उभं राहायचं नाही.’ स्टड तुटला किंवा आटे सुटले तर टेन्शनर बंदुकीच्या गोळीसारखा स्टडच्या रेषेत सुटतो. आडव्या पाइपावर ही रेषा माणसाच्या छातीच्या उंचीवरून जाते, उभ्या भांड्यावर डोक्यावरून. म्हणून बाजूला उभं राहायचं, आणि फ्लँजच्या पलीकडच्या अंगालाही कुणी नाही हे बघायचं, कारण स्टडला दोन टोकं असतात. दाब चढवायच्या आधी भोवती पट्टी बांधून रस्ता बंद. दाब टप्प्याटप्प्यानं चढवायचा, थांबायचं, घड्याळ्याचा काटा स्थिर आहे का बघायचं. काटा चढत असताना हत्यारापाशी कुणी नको. तो ठरल्या आकड्यावर थांबला, पंप थांबला, की मगच बाजूनं जाऊन नट फिरवायचा आणि मागं यायचं.

दुसरा नियम आट्यांचा. नटाच्या वर स्टड निदान स्वतःच्या जाडीएवढा निघालेला हवा. दीड इंची स्टड असेल तर दीड इंच. त्यासाठी चाचा खिशात पत्र्याची छोटी पट्टी बाळगत. कमी भरला तर काम बंद, मग सुपरवायझर कितीही ओरडो. आणि आटे तारेच्या ब्रशनं साफ केल्याशिवाय हत्यार चढवायचं नाही. तिसरा नियम पिस्टनचा. पिस्टन किती वर यावा याची लाल रेघ हत्यारावर असते, ती दिसली की थांबायचं. नळ्यांचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक नळी परत आली की हातभर हातभर उजेडात बघायची. वरचं आवरण चिरलेलं, फुगलेलं किंवा मुडपलेलं दिसलं तर नळी बाजूला काढून तिच्यावर लाल पट्टी बांधायची. दाब असताना कपलिंग सोडायचं नाही. आणि तेल कुठून गळतंय ते हातानं चाचपायचं नाही. आधी दाब सोडायचा. शोधायचंच असेल तर पुठ्ठा धरायचा.

हा शेवटचा नियम मला चाचांनीच शिकवला होता.

जानेवारी १९९८. रमजान चालू होता. रात्रपाळी, थंडी बऱ्यापैकी. शटडाउनचे शेवटचे दिवस म्हणजे सगळ्यांनाच घाई. पहाटे सव्वातीनच्या सुमारास चाचा स्टोअरच्या खिडकीशी आले आणि डावा हात पुढं करून म्हणाले, ‘शायर, जरा चिकटपट्टी दे.’ प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे असायची. मी बघितलं, तर्जनीच्या पेरावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. रक्तसुद्धा नव्हतं. म्हटलं, ‘काय झालं?’ म्हणाले, ‘कपलिंगपाशी तेलाची वाफ दिसली. बोट फिरवलं. मुंगी चावल्यासारखं वाटलं, बस. दाब दोनशेच होता, आता कुठं चढवायला सुरुवात केली होती.’ हातमोजे होते. हातमोज्यालाही तेवढंच भोक होतं.

ज्या माणसानं शंभर पोरांना ‘हात लावू नका’ म्हणून शिकवलं, त्यानं हात का लावला? मी पुष्कळ विचार केलाय. पंप थांबवून, दाब सोडून, पुन्हा सुरुवात करायची म्हणजे अर्धा तास जातो. सेहरी जवळ आली होती. आणि तीस वर्षं ज्या बोटांनी फ्लँजमधली फट केसाएवढी असली तरी ओळखली, ती बोटं आपोआप पुढं गेली असतील. मी त्यांना दोष देऊ शकत नाही, कारण त्यानंतरची चूक माझी आहे.

मी जंतुनाशक लावलं, पट्टी चिकटवली आणि नोंदवहीत लिहिलं. नोंदवही इंग्रजीत असायची. तारीख, वेळ, नाव, डावी तर्जनी. शेवटच्या रकान्यात इजेचं स्वरूप लिहायचं असे. तिथं मी एक शब्द लिहिला, ‘मायनर’. किरकोळ. चाचांनी अंगठ्यानं पट्टी दाबली, ‘शुक्रिया’ म्हणाले आणि कामावर गेले. सेहरी आम्ही शेजारी बसून केली. पाव, डाळ आणि खजूर. त्यांचं बोट दुखत नव्हतं.

श्रोतेहो, दाबाखालचं तेल कातडीत शिरलं की बाहेरून ठिपका दिसतो आणि आत ते तेल बोटाच्या आवरणातून तळहातापर्यंत वाट काढत जातं. पहिले काही तास दुखतंच असं नाही. याला औषधाची गोळी नाही. हात उघडून आतलं तेल धुऊन काढावं लागतं, आणि तेही काही तासांच्या आत. तातडीच्या शस्त्रक्रियेचं हे प्रकरण असतं. मला त्या वेळी यातलं काहीही माहीत नव्हतं. हत्याराला हात लावू नये हे आम्हाला शिकवलं होतं, पण लागलाच तर पुढं काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

दुपारी चाचांचं बोट सुजलं, पांढरं आणि गार पडलं. ते कँपच्या दवाखान्यात गेले. तिथल्या माणसानं माझ्या नोंदीची प्रत काढून बघितली. किरकोळ. त्यानं दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या, विश्रांती घ्या म्हणाला. त्या रात्री चाचा झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात कोपरापर्यंत लाल झाला, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तळहात उघडला, दोनदा साफ केला. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही काढावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘काल का आणलं नाहीत?’

पुढं भरपाईचा प्रश्न आला तेव्हा कंपनीच्या ऑफिसनं तीच नोंद पुढं केली. तुमच्याच माणसानं इजा किरकोळ होती असं लिहिलंय, नंतर चिघळली ती तुमच्या निष्काळजीपणानं. मी जाऊन सांगितलं की मला कळत नव्हतं, शब्द चुकला. साहेब सभ्य होते. म्हणाले, ‘नोंद बदलता येत नाही.’ चाचांना थोडे पैसे आणि परतीचं तिकीट मिळालं. ईद त्यांनी दापोलीला केली.

त्यानंतर मी या विषयाचं जे मिळेल ते वाचत आलो. आपला धंदा शब्दांचा, आणि एका शब्दानं माणसाची दोन बोटं घेतली हे डोक्यातून जात नाही. वाचलं ते छोट्या हत्यारांपुरतंच नव्हतं. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसं गेली. सुरुवात झाली ती दुरुस्तीसाठी काढलेल्या व्हॉल्व्हच्या जागी बसवलेल्या एका झाकणापासून. त्या झाकणाची फ्लँज वायू अडवण्याइतकी आवळलेली नव्हती आणि हे पुढच्या पाळीला कळलं नाही. १९९० साली लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल आला, त्यात हे सविस्तर आहे. सैबेरियात येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचं झाकण पाण्याच्या दाबानं उडालं आणि ७५ जण दगावले. ते झाकण ८० स्टडनी धरलेलं होतं. सापडलेले ४९ स्टड तपासले, तर ४१ जणांत जुन्या थकव्याच्या भेगा होत्या. सहांवर नटच नव्हते असं दिसून आलं.

ते ‘थकव्याच्या भेगा’ वाचलं आणि चाचांची स्प्रिंग आठवली. बोल्ट पुरता ताणलेला असला तर यंत्राचे रोजचे हादरे त्याला फारसे जाणवत नाहीत. ढिला असला की प्रत्येक हादरा त्याला झेलावा लागतो, आणि लोखंडही थकतं.

आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. सांधे कसे जुळवावेत याची मार्गदर्शक पुस्तिका अमेरिकेच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेनं २००० साली काढली आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. माझा भाचा पवनचक्क्यांच्या देखभालीवर आहे. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर गेलात तर त्या चक्क्या दिसतील. त्यांच्या मनोऱ्याचे तुकडेही असेच बोल्टच्या कड्यांनी जोडलेले असतात. भाचा सांगतो, त्याच्या खिशात एक कार्ड असतं. दाबाखालचं तेल अंगात गेलं तर ते डॉक्टरांना दाखवायचं, ठिपका छोटा दिसला तरी फसू नका असं त्यावर लिहिलेलं आहे. ते कार्ड मी मागून घेऊन दोनदा वाचलं. साधी वाक्यं आहेत. मला जन्मात तेवढं चांगलं लिहिता आलं नाही.

गेल्या वर्षी माझा नवा संग्रह घेऊन चाचांकडे गेलो होतो. आता पंचाहत्तरीच्या पुढं आहेत. नातसुनेनं नवा सिलिंडर लावला होता, आणि चाचा डाव्या हाताच्या तीन बोटांनी साबणाचा फेस रेग्युलेटरला लावून बुडबुडे येतात का बघत होते. ‘काडी पेटवून बघतात गाढवं,’ म्हणाले. जेवण झाल्यावर मी धीर करून ती नोंदवहीची गोष्ट काढली. सत्तावीस वर्षं मी गृहीत धरलं होतं की त्यांना ते माहीत आहे. त्यांना माहीत नव्हतं. इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि ऑफिसात काय बोलणं झालं ते कुणी त्यांना समजावून सांगितलं नव्हतं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आता लिही.’

मी म्हटलं, ‘काय चाचा?’

‘नोंद. मी सांगतो, तू लिही. मराठीत लिही.’

कागद नव्हता. माझ्याच संग्रहाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतली. ते पान आज सोबत आणलंय. वाचतो.

‘पहाटे सव्वातीन. दाब दोनशे बार. कपलिंग गळत होतं, दाब न सोडता हात लावला. डाव्या तर्जनीत तेल शिरलं. दुखत नाही, रक्त नाही. गाडी काढा, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या.’

खाली चाचांची सही आहे आणि तिच्याखाली, त्यांनी सांगितलं म्हणून, माझी.